सॉफ्टबॉलमध्ये बेसवरील मुलींचे शिक्षण : बेस सोडणे व बेस चोरणे

शालेय क्रीडास्पर्धांत सॉफ्टबॉलचा समावेश झाल्यापासून ग्रामीण भागातील अनेक शाळांतून मुलींचे संघ उभे राहू लागले आहेत. अशा एखाद्या नव्या संघाचा सराव पाहिला असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. शिक्षकाचे सारे लक्ष चेंडू टाकणारी पिचर, तो घेणारी कॅचर आणि बॅट हाती घेतलेली खेळाडू या तिघींवर खिळलेले असते. बेसवर उभ्या असलेल्या चौथ्या मुलीला मात्र “पळ” आणि “थांब” यांपलीकडे कोणी काही शिकवीत नाही. मुली खोखो खेळलेल्या आहेत, त्यांना धावणे ते काय शिकवावयाचे, असा समज त्यामागे असतो. हा समज अर्धा खरा आहे, आणि जो अर्धा खोटा आहे त्यापायी पुष्कळ मुली हातचा बेस गमावून, मान खाली घालून परत येताना दिसतात.

सॉफ्टबॉल हा खेळ १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरी, एका बंदिस्त व्यायामशाळेत बेसबॉलचे लहान रूप म्हणून जन्मास आला. आपले आजचे नाव त्यास १९२६ साली मिळाले. स्त्रियांचा सॉफ्टबॉल १९९६ ते २००८ या काळात ऑलिंपिक सामन्यांत होता. पुढे तो वगळला गेला व टोकियोच्या सामन्यांत, जे प्रत्यक्षात २०२१ साली झाले, पुन्हा खेळला गेला. इतिहास एवढा पुरे. शिक्षकाने ध्यानात ठेवावयाची गोष्ट ही की, हा खेळ बेसबॉलपासून निघाला असला तरी बेसवरील धावण्याच्या बाबतीत त्याचा कायदा बेसबॉलहून निराळा आहे. दूरचित्रवाणीवर बेसबॉल पाहून मुलींना शिकविणाऱ्या शिक्षकाची येथेच फसगत होते. बेसबॉलमध्ये पिचरच्या हाती चेंडू असतानाच धावणारा बेस सोडून आठदहा फूट पुढे सरकून उभा राहतो. सॉफ्टबॉलमध्ये तसे करता येत नाही. पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत धावणाऱ्या मुलीचा पाय बेसला लागलेला असलाच पाहिजे. क्षणभर आधी पाय उचलला की पंच तिला बाद ठरवितात आणि तो चेंडू टाकलाच नव्हता असे धरले जाते.

हा नियम खेड्यातील मुलीला समजावून देणे मुळीच अवघड नाही, कारण तिला तो खोखोतून ठाऊक आहे. पाटीवर बसलेल्या मुलीने खो मिळण्यापूर्वी उठावयाचे नसते. उठली तर तो नियमभंग होतो. पण खो मिळताच जी मुलगी रेंगाळते ती काय कामाची? उठण्याची सारी तयारी अंगात आधीच झालेली असावी लागते आणि तरीही अंग जागेवर राहावे लागते. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून सुटणारा चेंडू हाच खो होय. फरक एवढाच की, तो कानांनी ऐकावयाचा नसून डोळ्यांनी पाहावयाचा असतो. शिक्षकाने पहिल्याच दिवशी ही तुलना सांगितली तर पुढचे निम्मे स्पष्टीकरण वाचते.

नियम असा का, हेही मुलींना सांगावे. कारण कळले की नियम जाचक वाटत नाही. बेसबॉलमध्ये दोन बेसमधील अंतर ९० फूट असते. सॉफ्टबॉलमध्ये ते अवघे ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर आहे. एवढ्या थोड्या अंतरात धावणारीला आधीच दहा फूट पुढे जाऊ दिले, तर तिला अडविणे कोणत्याही कॅचरला शक्य होणार नाही. पिचर आणि होम प्लेट यांमधील अंतर स्त्रियांच्या खेळात ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर असते. लहान गटांसाठी काही स्पर्धांत ते कमी ठेवतात, आणि अगदी लहान मुलींच्या काही स्पर्धांत बेस चोरण्यास मनाईच असते. यास्तव संघ नेण्यापूर्वी त्या त्या स्पर्धेचे नियमपत्रक शिक्षकाने स्वतः वाचावे. दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाच्या सांगण्यावर विसंबू नये.

आता बेसवर उभे कसे राहावे ते पाहू. यास दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत मुलगी डाव्या पायाचा चवडा बेसच्या पुढील कडेला टेकविते आणि उजवा पाय पुढल्या बेसच्या दिशेने पाऊलभर पुढे ठेविते. गुडघे वाकलेले, अंग किंचित पुढे झुकलेले, नजर पिचरवर. चेंडू सुटताच ती बेसवरील डाव्या पायाने जमीन मागे लोटावी तशी रेटा देते व निघते. दुसऱ्या रीतीत डावा पाय बेसच्या पुढील कडेवर असतो, पण उजवा पाय बेसच्या मागे असतो. पिचरचा हात फिरू लागला की मुलगी मागच्या पायावरचा भार झोका घेतल्याप्रमाणे पुढे आणू लागते, आणि चेंडू सुटण्याच्या क्षणी तिचा उजवा पाय पुढे पडून डावा पाय बेसवरून सुटतो. पहिल्या रीतीत अंग स्थिर असते. दुसरीत ते आधीच हालू लागलेले असते. त्यामुळे दुसरी रीत अधिक वेगाची आहे यात संशय नाही, आणि मोठ्या स्पर्धांतील खेळाडू बहुधा तीच वापरतात. तथापि सहावीसातवीतील नवख्या मुलींना प्रारंभी पहिलीच रीत शिकवावी. झोक्याचा मेळ चुकला की पाय आधी सुटतो, मुलगी फुकट बाद होते, आणि दोनदा असे झाले की ती भिऊन बेसला चिकटून राहू लागते. ही भीती एकदा बसली म्हणजे ती काढण्यास महिने लागतात. ज्या मुलीला पहिल्या रीतीने निघताना चेंडू सुटण्याचा क्षण अचूक टिपता येतो, तिलाच दुसरी रीत द्यावी.

तो क्षण टिपावयाचा कसा, हा खरा प्रश्न आहे. सॉफ्टबॉलची पिचर चेंडू खांद्यावरून टाकीत नाही; हात चक्रासारखा फिरवून मांडीजवळून खालून सोडते. दुसऱ्या वा तिसऱ्या बेसवरून पाहणारीला हा हात चांगला दिसतो. पहिल्या बेसवरून मात्र तसे नाही. होम प्लेटकडे तोंड करून उभ्या असलेल्या पिचरच्या डाव्या बाजूस पहिला बेस येतो. पिचर उजव्या हाताची असेल, तर चेंडू सुटताना तिचा हात तिच्याच अंगाच्या पलीकडे झाकला जातो. पहिल्या बेसवरील मुलीला “हाताकडे पाहा” असे सांगणारा शिक्षक तिला न दिसणारी वस्तू पाहावयास सांगत असतो. तिला पिचरच्या डाव्या पायाकडे पाहावयास सांगावे. चेंडू टाकताना पिचर डावा पाय लांब पुढे टाकते, तो जमिनीस लागतो आणि त्याच्या पाठोपाठ लगेच चेंडू हातून सुटतो. पाऊल टेकले हे डोळ्यांनी पाहून अंग हलेपर्यंत जो अल्प काळ जातो, तेवढ्यात चेंडू सुटलेला असतो. हे एवढे साधे सूत्र सांगितल्याने पहिल्या बेसवरील मुलींचे निघणे एका आठवड्यात सुधारते. शिक्षकाने प्रथम स्वतः पहिल्या बेसवर उभे राहून आपल्या संघाच्या पिचरकडे पाहावे, म्हणजे या सूत्रातील तथ्य पटेल. पिचर डावखुरी असल्यास ही अडचण तिसऱ्या बेसवर उद्भवते.

चेंडू सुटल्यावर बेस सोडणे म्हणजे बेस चोरणे नव्हे. या दोहोंत मुलींचा नेहमी घोटाळा होतो. प्रत्येक चेंडूस धावणारीने बेस सोडलाच पाहिजे. चोरावयाचा मात्र क्वचित. तीनचार झपाट्याची पावले टाकून तिने गुडघ्यांत वाकून थांबावे, आणि बॅटला चेंडू लागला काय, कॅचरने तो नीट घेतला काय, की निसटू दिला, हे पाहावे. चेंडू जमिनीवरून मारला गेला आणि मागून दुसरी मुलगी येत असल्यामुळे बेस सोडणे भागच असेल, तर तिची तीन पावले आधीच कमावलेली असतात. चेंडू उंच गेला तर तो झेलला जातो की नाही ते पाहून मागे फिरता येते. सरळ सणसणीत फटका असेल तर तो हातांतून पार होईपर्यंत जागेवर थिजून राहणे हेच शहाणपण. कॅचरच्या हातून चेंडू निसटला, तर पुढे मोकळे रान असते. जी मुलगी बेसवर पाय रोवून हे सर्व पाहते, तिला प्रत्येक वेळी तीन पावलांचे कर्ज फेडावे लागते.

किती पुढे जावे, याचे एकच माप सर्वांना लावू नये. ज्या अंतरावरून कॅचरच्या फेकीआधी मागे परतता येईल, ते त्या मुलीचे अंतर होय. ते ठरविण्याची सोपी रीत अशी की, शिक्षकाने किंवा संघातील चांगल्या कॅचरने होम प्लेटजवळून पहिल्या बेसकडे चेंडू फेकावा आणि मुलीने पुढून परत यावे. ती सहज आली तर एक पाऊल वाढवावे, बाद झाली तर एक पाऊल कमी करावे. पाचसहा प्रयत्नांत तिची जागा निश्चित होते. तेथे फक्कीची लहानशी रेघ ओढावी. आठवड्याभराने रेघ पुसून टाकली तरी पावले तेथेच थांबू लागतात. परतताना मुलीने बेसचा मैदानाच्या बाहेरील बाजूचा, म्हणजे होम प्लेटपासून दूरचा कोपरा गाठावा. चेंडू घेतलेल्या मुलीला तिला स्पर्श करण्यास तेवढे अधिक वळावे लागते.

आता चोरीकडे वळू. हा शब्द ऐकून वर्गात हशा पिकतो आणि एखादी सालस मुलगी संकोचतेही. पण खेळातील ही चोरी सर्वांच्या डोळ्यांदेखत व नियमाने होते. तीत हिशेब असतो, आणि तो हिशेब गणिताच्या तासाला फळ्यावर मांडण्याजोगा आहे. पहिल्या बेसवरील मुलगी दुसरा बेस चोरावयास निघाली असे समजू. तिला ६० फूट धावावयाचे आहे. तिच्या विरुद्ध कॅचरचा चेंडू होम प्लेटपासून दुसऱ्या बेसपर्यंत कर्णरेषेने सुमारे ८५ फूट, म्हणजे २५.८६ मीटर जावयाचा आहे. समजा, पिचरच्या हातून सुटलेला चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पाऊण सेकंदात पोहोचला. कॅचरने उठून, चेंडू हातात घेऊन तो फेकण्यास एक सेकंद घेतला. फेक दुसऱ्या बेसवर पोहोचण्यास १.६ सेकंद लागले, आणि तेथील मुलीला तो पकडून धावणारीच्या अंगाला लावण्यास पाव सेकंद. एकूण ३.६ सेकंद झाले. धावणारी ६० फुटांस ३.८ सेकंद घेत असेल तर ती बाद, ३.५ घेत असेल तर सुरक्षित. एका पापणीच्या लवण्याचा प्रश्न आहे. चेंडू सुटल्यावर निघण्यास तिने उशीर केला, किंवा बेसवर उभ्याने थांबता यावे म्हणून शेवटी वेग कमी केला, तर तेवढ्यात सारे संपते. उलट कॅचरची फेक बाजूला गेली वा दोनदा टप्पा खाऊन पोहोचली, तर मंद मुलगीही सुखरूप पोहोचते.

वरील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. शिक्षकाने आपल्या शाळेचे आकडे स्वतः घ्यावेत. भ्रमणध्वनीतील वेळमापक घड्याळ त्यास पुरेसे आहे. प्रत्येक मुलीची बेसवरून निघून पुढला बेस गाठण्याची वेळ तीनदा मोजून मधली वेळ वहीत लिहावी. तसेच आपल्या कॅचरची वेळ मोजावी. मुलींना आपापले आकडे सांगावेत, परंतु ते भिंतीवर लावून एकीची दुसरीशी तुलना करू नये. सर्वांत वेगवान मुलगी चोरीत सर्वांत कुशल असतेच असे नाही, हे या वहीवरून लवकरच दिसून येते. जी क्षण ओळखते, ती कमी वेगाची असूनही पुढे जाते.

क्षण ओळखणे म्हणजे काय ओळखणे? कॅचर चेंडू घेताना जमिनीवर गुडघे टेकून बसते काय? फेकण्यापूर्वी दोन पावले टाकण्याची तिला सवय आहे काय? पिचरचा एखादा चेंडू संथ असतो किंवा वारंवार जमिनीत जातो काय? दुसऱ्या बेसवर चेंडू घ्यावयास कोण धावते, आणि ती वेळेवर येते काय? या गोष्टी बॅटिंगची वाट पाहत बसलेल्या मुलींनी पाहून ठेवावयाच्या असतात. बहुतेक शाळांचे संघ आपली पाळी येईपर्यंत गप्पा मारतात. त्याऐवजी प्रत्येकीस पाहण्याची एकेक बाब नेमून द्यावी. तिसरा बेस चोरणे दुसऱ्यापेक्षा अवघड आहे, कारण कॅचरला तेथे केवळ ६० फूट फेकावयाचे असते. तथापि बॅट करणारी उजव्या हाताची असेल तर ती कॅचर व तिसरा बेस यांच्या बाजूसच उभी असते, आणि फेक करण्यास कॅचरला थोडे बाजूला सरकावे लागते. तिसऱ्या बेसवरून होम प्लेट चोरावयास सांगण्याच्या भरीस मात्र पडू नये. चेंडू तेथेच येत असतो. तेथून निघावयाचे ते कॅचरच्या हातून चेंडू मागे निसटल्यावरच.

धावताना तिसऱ्या पावलास एकदा मान वळवून होम प्लेटकडे पाहण्याची सवय प्रत्येकीस लावावी. मुलगी मान खाली घालून दुसऱ्या बेसवर पोहोचते, आनंदाने उभी राहते, आणि मागे बॅटचा चेंडू झेलला गेल्यामुळे पहिल्या बेसवर चेंडू नेऊन तिला बाद केलेले असते, हा प्रसंग शालेय सामन्यात नित्याचा आहे. फाउल झाला असेल तर परत यावयाचे असते, पण त्यात शिक्षा नाही.

चोरीचा आणखी एक प्रकार शालेय पातळीवर फार उपयोगी पडतो. कॅचर चेंडू घेतल्यावर तो पिचरकडे परत टाकते. पुष्कळ शाळांच्या कॅचर तो उंच, सावकाश, जणू अंगणात लिंबू झेलावयास द्यावा तसा टाकतात. तीन पावलांवर थांबलेली मुलगी त्याच क्षणी निघाली तर पिचरने चेंडू घेऊन, वळून, फेकेपर्यंत ती पोहोचलेली असते. यास वेग कमी व धिटाई अधिक लागते. मात्र येथे एका नियमाचे भान हवे. पिचरच्या जागेभोवती आठ फूट त्रिज्येचे वर्तुळ आखलेले असते. चेंडू त्या वर्तुळात पिचरच्या हाती आला, की बेसबाहेर असलेल्या मुलीने तत्काळ एक दिशा पत्करली पाहिजे, पुढे तरी जावे वा मागे तरी. घुटमळली किंवा एका दिशेने निघून पुन्हा उलटली, तर ती बाद. पिचरने तिला बाद करण्याची हालचाल केली तरच हे बंधन सुटते. येथेही खोखो मदतीस येतो. पाठलाग करणाऱ्या मुलीने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तिला उलटता येत नाही. वर्तुळाचा नियम समजावताना हा दाखला दिला की मुलींच्या चेहऱ्यावर उजेड पडतो.

खोखोची एक सवय मात्र मोडावी लागते. खोखोतील मुलगी हुलकावणी देत वाकडीतिकडी धावते. सॉफ्टबॉलमध्ये चेंडूचा स्पर्श चुकविण्यासाठी आपल्या वाटेपासून तीन फुटांहून अधिक बाजूला गेलेली मुलगी बाद होते. हुलकावणीचे काम येथे घसरण करते, आणि या विषयात सर्वांत अधिक सावधगिरी याच ठिकाणी पाहिजे.

घसरून बेस गाठणे, ज्यास खेळाडू स्लाइड म्हणतात, ते शिकविल्याविना बेस चोरावयास शिकवू नये. न शिकविलेली मुलगी ऐन वेळी आपल्या मनाने घसरतेच, आणि तेव्हा मनगट, घोटा वा गुडघा दुखावतो. योग्य स्लाइडमध्ये एक पाय गुडघ्यात मुडपून दुसऱ्याच्या खाली येतो, त्या दोहोंचा आकार चार या इंग्रजी अंकासारखा दिसतो. वरचा पाय बेसकडे सरळ पण किंचित वाकलेला, अंग मागे कललेले, हनुवटी छातीशी, आणि दोन्ही हात वर. हात जमिनीला टेकावयाचे नाहीत, हे शंभरदा सांगावे लागले तरी सांगावे. मातीची मूठ दोन्ही हातांत धरून घसरावयास सांगितले तर हात आपोआप मिटलेले राहतात. बेसपासून आठदहा फुटांवर घसरण सुरू व्हावी. उडी मारून पडणे म्हणजे घसरणे नव्हे. डोके पुढे करून घसरणे शाळेच्या मुलींना शिकवूच नये.

सराव कोठे करावा? पटांगण बहुधा मुरमाचे असते, आणि मुरमावर पहिली स्लाइड करावयास लावणे म्हणजे मुलीस खेळापासून कायमची घालविणे. ओल्या गवतावर ताडपत्री पसरून तीवर पाणी शिंपडावे, किंवा गवतावर खोक्यांचे मोठे पुठ्ठे उलगडून ठेवावेत, आणि बूट काढून पायमोज्यांनिशी सराव करावा. प्रथम बसून पायांची ठेवण, मग चालत, मग मंद धाव, मग पूर्ण वेग, असा क्रम असावा. लांब विजार आणि गुडघ्यांवर जाड पट्टी अवश्य. सामना मुरमाच्या मैदानावर असेल तर बेसच्या भोवती दहा फूट जमीन आदल्या दिवशी कुदळीने सैल करून, खडे वेचून, वर मऊ माती पसरावी. तेही शक्य नसेल तर दोन्ही शिक्षकांनी संमतीने त्या सामन्यात स्लाइड वर्ज्य करावी. खरचटल्यास जखम लगेच साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी. हळद, माती वा राख लावू देऊ नये, आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी.

याच संदर्भात बेसविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे. कित्येक शाळांत विटा किंवा दगड बेस म्हणून मांडलेले आढळतात. विटेवर धावत्या मुलीचा घोटा मुरगळतो, आणि घसरताना तीच वीट नडगीवर आदळते. पंधरा इंच चौरस गोणपाटाची पिशवी भुसा वा पेंढा भरून शिवली की चांगला बेस तयार होतो. एका दुपारी चार पिशव्या शिवून होतात. धावणाऱ्या मुलीने हेल्मेट घालणे हाही शिस्तीचा भाग मानावा, कारण कॅचरचा चेंडू नेमका तिच्याच दिशेने येत असतो. हेल्मेटे मोजकीच असतील तर मुली बाद होताच ती पुढच्या मुलीकडे द्यावीत. हेल्मेटविना चोरीचा सराव करू नये.

तिसऱ्या बेसवरील मुलीने पुढे सरकताना रेषेच्या बाहेरून, फाउलच्या बाजूने जावे. आतल्या बाजूस मारलेला चेंडू अंगास लागला तर ती बाद होते. परतताना मात्र रेषेच्या आतून यावे, म्हणजे कॅचरच्या फेकीच्या वाटेत तिचे अंग येते.

खुणांचा प्रश्न राहतो. पहिल्या व तिसऱ्या बेसजवळ बॅट करणाऱ्या संघाची एकेक मार्गदर्शक उभी राहू शकते. हे काम शिक्षकानेच केले पाहिजे असे नाही. संघातील समजूतदार मुलगी ते उत्तम करते. खुणा तीनच असाव्यात : चोर, थांब आणि “तुझे तू ठरव”. यांपैकी तिसरी खूण सर्वांत मोलाची असून शिक्षक ती सर्वांत कमी वापरतात. मैदानाबाहेरून सतत ओरडणाऱ्या शिक्षकाच्या मुली चेंडूकडे न पाहता शिक्षकाकडे पाहू लागतात, आणि चेंडू काही त्यांच्यासाठी थांबत नाही. घरात व शाळेत मुलीने विचारून करावे अशीच बहुधा अपेक्षा असते. बेसवर तिला अर्ध्या सेकंदात, कोणास न विचारता ठरवावे लागते. ते ठरविताना ती कधी चुकणारच. तिसऱ्या खुणेवर निघून बाद झालेल्या मुलीस, बाद का झालीस असे न विचारता, निघताना काय पाहिलेस असे विचारावे. तिने काही पाहिले असेल तर प्रयत्न योग्य होता. काहीच न पाहता निघाली असेल तर सुरक्षित पोहोचली तरी तिला ते सांगावे.

दुबळ्या कॅचरपुढे प्रत्येक चेंडूवर बेस चोरून पंचवीस धावा करणारे संघ तालुक्याच्या सामन्यांत दिसतात. त्यात नियमभंग काही नाही. परंतु अशा संघाच्या मुली बॅट चालवावयास शिकत नाहीत, आणि जिल्ह्यास चांगली कॅचर भेटली की त्यांच्यापाशी दुसरे काही उरत नाही. समोरच्या शाळेतील ती रडकुंडीस आलेली मुलगीही पुढल्या वर्षी मैदानावर येत नाही. दहा धावांची आघाडी झाल्यावर चोरीची खूण बंद ठेवणारे शिक्षक आहेत, आणि त्यांचे संघ मागे पडलेले नाहीत.

मुलींच्या बाबतीत आणखी दोन व्यावहारिक गोष्टी. एखाद्या दिवशी एखादी मुलगी धावेन पण घसरणार नाही म्हणाली, तर तिला कारण विचारू नये, आणि चारचौघींत तर नाहीच. संघाबरोबर शिक्षिका नसेल तर मोठ्या मुलींपैकी एकीस तसे सांगण्याचा अधिकार द्यावा. दुसरे असे की, लांब विजार व गुडघ्यांच्या पट्ट्या का लागतात हे पालकांच्या सभेत आधीच सांगावे. फाटलेली सलवार घेऊन मुलगी घरी गेल्यावर समजावयास जाणे उशिराचे असते.

चाळीस मिनिटांच्या तासात हे सर्व बसते. पाच मिनिटे अंग मोकळे करावे. पुढील दहा मिनिटे शिक्षकाने पिचरच्या जागी उभे राहून, चेंडूविना, केवळ हात फिरवावा. चार बेसवर चारचार मुली ओळीने उभ्या राहून एकेक करून तीन पावले निघाव्यात व परत याव्यात. प्रत्येक बेसजवळ एक मुलगी पाय आधी सुटला काय ते पाहील. या कामास मुली फार कडक पंच ठरतात. कधी हात फिरवून चेंडू सोडल्याचे सोंग करावे आणि सोडू नये. जी फसते ती हसते आणि पुन्हा फसत नाही. त्यानंतर दहा मिनिटे खऱ्या पिचर व कॅचरसह पहिल्या बेसवरून दुसऱ्या बेसकडे चोरीचा सराव, घड्याळ लावून. दहा मिनिटे ताडपत्रीवर घसरण, आठवड्यातून दोनच दिवस. इतर दिवशी तो वेळ वर्तुळाच्या नियमासाठी द्यावा. उरलेल्या पाच मिनिटांत वहीत वेळा लिहून, पिशव्यांचे बेस झटकून, ताडपत्री वाळत घालून सामान खोलीत ठेवावे. ओली ताडपत्री गुंडाळून ठेवली तर ती एका पावसाळ्यात कुजते.